उशिरा चढलेला पारा

पावणेसहाला, पाय खाली टाकायच्या आधी
जिभेखाली थर्मामीटर.
पाणी नाही, बोलणं नाही.
रोहिदास सातपूरहून नाइट शिफ्ट करून आला
आणि बेल दाबत राहिला
तरी तीन मिनिटं उठायचं नाही.
सत्त्याण्णव पॉइंट चार.
वहीत एक टिंब.

शिकवलं शरणपूरच्या लोंढे सिस्टरांनी.
निवृत्त, गुडघ्यांनी बेजार, तोंडाने फटकळ.
म्हणाल्या, चौदाव्या दिवसावर विसंबू नकोस,
तो पुस्तकातल्या बाईला येतो.
तू बोटांनी बघ.
कोरडं, मग चिकट, मग सायीसारखं,
मग एके दिवशी अंड्यातल्या पांढऱ्यासारखं,
दोन बोटांत ताणलं तरी न तुटणारं.
ही ओल आधी सांगते: येतंय.
पारा मागाहून सांगतो: येऊन गेलं.
आणि नवऱ्याचं बीज त्या ओलीत
पाच-पाच दिवस तग धरतं बरं का,
तेव्हा मूल नको असेल तर
ओल दिसली त्याच दिवसापासून सांभाळायचं.
मी छताच्या पंख्याकडे बघत राहिले.
एकतीस वर्षांची. शाळेत विज्ञानात पहिली आलेली.
इतकी वर्षं मला तो आजार वाटायचा.

मोजणं तसं आमच्या रक्तातलंच.
निफाडला अण्णांची द्राक्षबाग.
छाटणीपासून दिवस धरायचे,
'आज बाग बेचाळीस दिवसांची झाली' म्हणायचे,
पोरीचं वय सांगावं तसं.
पहाटेचं किमान, दव, पानामागचा डाग,
सगळं फवारणीच्या डायरीत.
आईचे दिवस कुणी लिहिले नाहीत.
ती कोपऱ्यात बसली की घरात दोनच शब्द:
कावळा शिवला.

अण्णा गेले तो माझा नववा दिवस.
(पाळीचा. मी आता असंच धरते.)
त्यांच्या डायरीत शेवटची ओळ:
दिवस एकसष्ट. किमान चार पॉइंट आठ. दव भरपूर.
खाली पानभर रेघा आखलेल्या.

दशक्रिया रामकुंडावर.
भाताचा पिंड, ओल्या दगडांचा वास, काकडलेली माणसं
आणि कावळा शिवेना.
भावाने तंबाखू सोडली. काकांनी बांधाचा दावा सोडला.
कुणी म्हणालं, विरळणी उरकली अण्णा, बागेची काळजी नको.
तरी तो खांबावरच, मान तिरकी करून.
एवढी माणसं हात जोडून:
शिव रे बाबा, शिव.
मग आई पुढे झाली,
काहीतरी पुटपुटली, कुणालाच ऐकू आलं नाही.
कावळा उतरला.

तो माझा अठरावा. कोरडा.
विसावा कोरडा, बाविसावाही.
वहीत टिंबं एका रांगेत,
रात्री सायकल नुसती ढकलत नेल्यासारखी.
सिस्टरांना फोन केला.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग त्या म्हणाल्या,
अंगाला कळलंय गं. थबकलंय ते. तू रेटू नकोस.

पंचविसाव्या दिवशी, गीझर तापायच्या आत,
बोटांवर ती ओल.
लांब, चकचकीत, उजेडात धरली तरी अखंड.
रोहिदासने दार वाजवेपर्यंत बघत बसले.
त्याला सांगितलं तर तो उशी घेऊन
मुकाट्याने भिंतीकडे वळला;
हेही त्याला आता येतं.

आणखी तीन पहाटी गेल्या,
सत्त्याण्णव पॉइंट नऊ.
पेपरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी
आणि इथे, माझ्या जिभेखाली, अर्ध्या अंशाची चढण.
तेव्हा मी रडले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.
तोंडात थर्मामीटर, म्हणून आवाज न करता.

चाळिसाव्या सकाळी पारा उतरला होता.
वही संपलेली. अण्णांची डायरी काढली,
त्यांच्या आखलेल्या रेघांच्या पानावर
तारीख घातली, दिवस पहिला,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात:
कावळा शिवला.